गोदूअक्कांना सापडलेला निःस्वार्थी माणूस

कन्नड मुलखाच्या राजधानीत, चिकपेटेच्या बाजारात, स्टीलच्या भांड्यांच्या एका दुकानावर आमच्या मराठी मंडळाची खोली होती. दर रविवारी सकाळी तिथे दहा-बारा माणसं जमायची. कुणीतरी वाचलेल्या कादंबरीची गोष्ट सांगायचं, मग कॉफी व्हायची आणि सगळे आपापल्या घरी जायचे. ग्रंथालय माझ्याकडे होतं, म्हणजे दोन कपाटं आणि त्यांच्या किल्ल्या. गोदूबाई नवल्यांना मी तेव्हापासून ओळखतो. साठी ओलांडलेली ठेंगणी बाई, कायम सुती इरकल नेसलेली. सगळे त्यांना गोदूअक्का म्हणायचे.

त्या आल्या त्या पहिल्याच रविवारी एका कादंबरीची गोष्ट चालली होती. नायक जिवलग मित्रासाठी स्वतःच्या प्रेमाचा त्याग करतो आणि दूर डोंगरात जाऊन शाळा काढतो. सांगणाऱ्या बाईंसकट दोघातिघांनी रुमाल काढले होते. गोदूअक्कांनी विचारलं, "त्या मुलीला कुणी विचारलं का?"

एकाने रुमालाची घडी करून तो खिशात ठेवला.

"त्याला लग्न करायचंच नव्हतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पहिल्या प्रकरणापासून तिच्या घरी जायचं टाळतोय तो. नको असलेली वस्तू मित्राला दिली आणि मित्र जन्मभराचा मिंधा करून ठेवला."

पुढच्या रविवारी खेड्यात जाऊन गोरगरिबांची सेवा करणारा डॉक्टर निघाला. अक्का म्हणाल्या, "शहरात तो खोलीत आला तर कोण उठून उभं राहिलं असतं?" त्यानंतर सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाणारी आई आली. निदान तिच्याविषयी तरी कुणी काही बोलणार नाही, असं आम्हाला वाटलं होतं. अक्कांनी कॉफीचा घोट घेतला. "ती रोज सांगते ना, की मी उरलेलं खाल्लं? मग ते उरलेलं नव्हे. तो तिचा पगार आहे."

वर्षभरात माझ्या कपाटातली त्यागाची पुस्तकं कुणी हातात घेईना. लोक रहस्यकथा नेऊ लागले. खुनी माणूस शेवटी कबूल तरी करतो, असं एका सभासदाने मला कारण सांगितलं.

ही नजर अक्कांना पुस्तकांतून आलेली नव्हती. नवरा लवकर गेल्यावर त्या भावाच्या, नंदकिशोरच्या, साडीच्या दुकानात बसत. चिकपेटेतल्या गर्दीत वीस-बावीस वर्षं बायका दुसऱ्यांसाठी साड्या कशा घेतात, हे त्या बघत होत्या. एकदा एक बाई सुनेसाठी रेशमी साडी घ्यायला आल्या. सून किती गुणी, तिच्यासाठी आपण कसं काहीही करू, हे सांगत त्या एकेक साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून आरशात बघत होत्या. बराच वेळ झाल्यावर अक्कांनी विचारलं, "तुमच्या सुनेचा रंग अगदी तुमच्यासारखाच आहे का?" बाई साडी टाकून निघून गेल्या. असं चार-सहा वेळा झालं. मग नंदकिशोर म्हणाला, "अक्का, तुझे गुडघे दुखतात. तू आता घरी आराम कर. मला तुझी काळजी वाटते."

अक्का घरी बसल्या. "नंदूला काळजी गिऱ्हाइकांची होती," त्या मला म्हणाल्या. "पण गुडघे खरंच दुखत होते, म्हणून मी काही बोलले नाही."

१९९५ साली मंडळाला पंचवीस वर्षं झाली. आमचे अध्यक्ष विद्याधरराव एका सरकारी कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते आणि मंडळ त्याच शिस्तीत चालवत. त्यांनी ठरवलं की या वर्षी एका निष्काम सेवकाचा सत्कार करायचा. शाल, नारळ, चंदनाचा हार. निवड करायला तिघांची समिती नेमली: ते स्वतः, मी आणि गोदूअक्का. अक्का बाहेर राहिल्या तर सत्कारानंतर बोलतील, त्यापेक्षा आत घेतलेल्या बऱ्या, असा त्यांचा हिशेब होता.

"एक गोष्ट आधीच सांगतो," पहिल्या बैठकीत विद्याधरराव म्हणाले. "माझं नाव कुणी सुचवलं तर मी स्पष्ट नकार देणार."

कुणीच सुचवलं नाही. दुसऱ्या बैठकीत त्यांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं आणि थोडा वेळ थांबून आमच्याकडे पाहिलं.

नावं भरपूर आली. एक गृहस्थ समाजातल्या प्रत्येक अंत्ययात्रेला खांदा द्यायला जात. अक्का त्यांच्या घरी जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "सकाळी पाणी भरायचं काम त्यांच्याकडे आहे. तिरडी उठते तीही सकाळीच." एक बाई रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज दूधभात घालत. अक्कांनी तिथे जाऊन पाहिलं तर कुत्री जेवून शेजारणीच्या दारात झोपत होती, आणि शेजारणीशी त्या बाईंचं जुनं भांडण होतं. एक निवृत्त मास्तर मुलांना फुकट मराठी शिकवत. अक्का त्यांच्या वर्गात बसल्या. "मुलं गप्प बसतात," त्या म्हणाल्या. "घरी त्यांचं कुणी ऐकत नाही."

विद्याधरराव वैतागले. "अहो, पण खांदा तर मिळतोय ना? दूधभात मिळतोय, शिक्षण मिळतंय. कारणाशी आपल्याला काय करायचंय?"

"मग सत्काराचं नाव बदला," अक्का म्हणाल्या. "उपयोगी माणसाचा सत्कार म्हणा. मी आत्ता सही करते."

नाव बदलायला विद्याधरराव तयार नव्हते. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या.

नंदकिशोरच्या दुकानातल्या साड्यांना फॉल लावायचं काम चंद्राबाई करत असे. ती निपाणीकडची. शिवाजीनगरात बसस्टँडच्या मागच्या बाजूला एका गल्लीत राहायची. तिच्या कानावर सत्काराचं आलं तशी ती अक्कांकडे आली.

"आमच्या गल्लीत एक देवमाणूस हाय बघा, अक्का," ती म्हणाली. "विठोजीराव लाड. आमच्याकडं नळाला पाणी दोन दिवसाआड, ते पण करंगळीएवढं. त्यांच्या घरात विहीर हाय. रोज दुपारी ते मोटार लावतात आणि टाकी भरली की वरच्या पाइपातनं पाणी आमच्या गल्लीत सोडतात. संध्याकाळपर्यंत. किती वर्षं झाली. पण कधी खिडकीतनं डोकावून बघत नाहीत, की बायकांनी नमस्कार तरी करावा. दिलेलं दाखवायचं पण नाही म्हणतात."

"असं ते म्हणतात?"

"म्हणत नाहीत. त्येच तर सांगतोय की."

दुसऱ्या दिवशी अक्का आणि मी शिवाजीनगरला गेलो. विठोजीरावांच्या घराचं दार मोठ्या रस्त्यावर होतं आणि चंद्राबाईची गल्ली घराच्या पाठीमागे. दार उघडलं ते एका उंच, पांढऱ्या मिश्यांच्या माणसाने. लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी सगळं आयुष्य मोठा ड्रम वाजवला होता, त्यामुळे दोन्ही कानांनी जेमतेम ऐकू येत होतं. बायको वारलेली, मुलगी हुबळीला दिलेली. घरात एकटेच.

अक्कांनी मोठ्याने विचारलं, "विठोजीराव, तुम्ही पाणी का देता?"

"देतो की," ते म्हणाले, आत गेले आणि दोन पेले भरून घेऊन आले.

आम्ही पाणी प्यायलो. अक्कांनी आणखी मोठ्याने विचारलं, "मागच्या गल्लीत पाणी का सोडता?"

"मागच्या गल्लीत मी जात नाही," विठोजीराव म्हणाले. "पण तिकडची माणसं फार चांगली. कोपऱ्यावर भेटली की हात जोडतात. बँडची माणसं लोक विसरत नाहीत."

अक्कांनी मग मोटारीबद्दल विचारलं. विठोजीराव जेवण झालं की मोटार लावत आणि टाकी भरेपर्यंत म्हणून जरा आडवे होत. उठत ते दिवेलागणीला. टाकी भरून वाहते याची त्यांना गंधवार्ता नव्हती. एवढा वेळ मोटार चालते म्हणजे विहिरीत पाणी कमी झालं असावं, अशी त्यांना चिंता होती.

अक्का त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिल्या. रस्त्यावर आल्यावर मला म्हणाल्या, "सापडला."

"अक्का, पण त्यांना माहीतच नाही."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

विद्याधररावांनी डोक्याला हात लावला. पण पत्रिकेवरची तारीख जवळ आली होती आणि दुसरं नाव उरलं नव्हतं. सत्कार झाला. विद्याधररावांनी निष्काम सेवेवर इतकं लांब भाषण केलं की हारातल्या चंदनाचा वास उडाला. विठोजीरावांना चार शब्द बोलायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही. शाल चांगली आहे." सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकी विनम्रता लोकांनी पाहिली नव्हती.

दोन दिवसांनी एका कन्नड पेपरात त्यांचा फोटो आला आणि खाली सगळी हकीकत. विठोजीरावांनी ती वाचली. मग जिना चढून गच्चीवर गेले आणि पहिल्यांदा मागच्या गल्लीत डोकावले. खाली कळश्यांची रांग लागलेली होती. बायकांनी वर बघितलं आणि हात जोडले.

दुसरा कुणी असता तर त्याने त्या दिवशी पाइपाला बूच मारलं असतं. विठोजीरावांनी तसं केलं नाही. ते दुपारचे झोपेनासे झाले. मागच्या भिंतीत एक जुनं बंद दार होतं, ते त्यांनी उघडलं, गल्लीत खुर्ची टाकली आणि सत्काराची शाल पांघरून पाण्याजवळ बसू लागले. ऐन मे महिन्यात. पाइपाला त्यांनी तोटी बसवली. आधी नमस्कार, मग विचारपूस, मग तोटी. नमस्कार घाईत केला तर पाणीही बारीक येई. पाणी कसं जपून वापरावं यावर ते रोज बोलत आणि तेवढा वेळ तोटी बंद असे. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे कुणी मध्येच बोललं तरी त्यांचं अडत नसे. ओळखीचा फोटोग्राफर आला तर पहिली कळशी ते स्वतः भरून देत आणि फोटो नीट येईपर्यंत तीच कळशी पुन्हा ओतून पुन्हा भरत. तासाभरात त्यांना थकवा येई, मग मोटार बंद.

जून लागायच्या आत चंद्राबाई आणि गल्लीतल्या सात-आठ बायका मंडळाच्या खोलीत आल्या. रविवार होता. एका कादंबरीतला संन्यासी नुकताच हिमालयाकडे निघाला होता.

"अक्का, आमचं पाणी परत द्या की ओ," चंद्राबाई म्हणाली. "चांगला माणूस होता. तुम्ही त्याला सांगून बिघडवला."

विद्याधररावांनी सुचवलं की शाल समारंभपूर्वक परत घ्यावी. त्यासाठी ते आणखी एक भाषण करायला तयार होते. अक्कांनी कॉफी तशीच ठेवली आणि मला म्हणाल्या, "रिक्षा बघ."

आम्ही गल्लीत उतरलो तेव्हा बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. अक्कांना पाहून सगळ्या उठून उभ्या राहिल्या, एकीने पाट आणून दिला. विठोजीराव खुर्चीत होते. अंगावर शाल, शालीखाली घामाच्या धारा.

"विठोजीराव," अक्का ओरडून म्हणाल्या, "आधीसारखं करा. हे सगळं जरा विसरा."

"आता कसं विसरू, अक्का?" त्यांनी खरोखर विचारलं. त्यांचा चेहरा केविलवाणा झाला होता. "झोपायला गेलो तर वाटतं, लोक म्हणतील, शाल घेतली आणि झोपला. मलाही कंटाळा आलाय या खुर्चीचा. पण आता उठता येत नाही."

अक्का पाटावर बसल्या आणि बराच वेळ त्या तोटीकडे बघत होत्या. मग उठून विठोजीरावांच्या कानाजवळ गेल्या. पण त्यांना ऐकू जायचं म्हणजे ते कुजबुजणं सगळ्या गल्लीत ऐकू आलं.

"तुम्हाला म्हणून सांगते. हा सत्कार लहान होता. याच्या वर एक मोठा आहे. गुप्तदानाचा."

विठोजीराव सरळ बसले.

"त्याचे परीक्षक कधी येणार, ते सांगत नाहीत. साधी माणसं म्हणून येतात. बाई म्हणून येतील, कळशी घेऊन येतील. देणारा माणूस दिसला की नाव कापलं. तोटी दिसली की नाव कापलं. त्यांना कसा माणूस पाहिजे, तर पाणी वाहतंय आणि घरधनी आत झोपलाय."

"शाल?"

"शाल पेटीत."

त्याच संध्याकाळी तोटी निघाली, मागचं दार बंद झालं. दुसऱ्या दिवसापासून विठोजीराव जेवण झाल्यावर मोटार लावून खिडकीशी आडवे होऊ लागले. डोळे मिटलेले, पण पापण्यांच्या फटीतून गल्लीवर नजर. ते झोपेचं सोंग करतात, हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं आणि प्रत्येक बाई त्यांच्याकडे न बघण्याचं सोंग करत होती. परीक्षक नेमका कुठल्या दिवशी येईल, हे ठाऊक नसल्यामुळे विठोजीराव एक दिवसही चुकवत नसत. मुलीच्या घरचं कार्य आलं तेव्हा हुबळीला जाण्याआधी मोटार लावायचं काम त्यांनी चंद्राबाईकडे सोपवलं आणि आपल्या जागी पलंगावर एक लोड पांघरूण घालून ठेवला. पाणी पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागलं. सोंग करता करता त्यांना हळूहळू खरीच झोप लागायची, आणि जाग आली की ते स्वतःवर खूश व्हायचे, कारण सोंग इतकं चांगलं वठलं होतं.

विद्याधररावांना हा प्रकार मुळीच पटला नाही. "हे साफ खोटं आहे, गोदूबाई. एका भोळ्या माणसाला तुम्ही लालूच दाखवली. आणि तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांचे हेतू तपासत आलात. या सगळ्यात तुमचा हेतू काय होता?"

हा प्रश्न अनेकांच्या मनात होता, पण तो विचारायची हिंमत कुणाला झाली नव्हती.

"मी रिक्षातून उतरले तर सगळी गल्ली उठून उभी राहिली," अक्का म्हणाल्या. "पाट दिला. इतकं बरं वाटलं की काहीतरी करून दाखवल्याशिवाय परत यायला लाज वाटली असती. पाण्याचा विचार मी नंतर केला."

विद्याधररावांनी लगेच बैठक संपल्याचं जाहीर केलं. जाता जाता जिन्यात मला थांबवून त्यांनी हळूच विचारलं, "तो गुप्तदानाचा सत्कार... तो खरंच नाही ना कुठे?"

मी नाही म्हणालो. त्यांना ते खरं वाटलं नसावं, कारण त्या वर्षी मंडळाच्या देणगीदारांच्या फलकावरून त्यांनी स्वतःचं नाव काढून टाकलं आणि ते काढल्याचं सगळ्यांना सांगितलं.

तीन वर्षं असं चाललं. मग चंद्राबाईच्या गल्लीत नवी पाइपलाइन आली, घराघरात नळ आले, पाणीही बरं येऊ लागलं. बायकांनी कळश्या माळ्यावर टाकल्या. काही दिवस सवयीने एखादी यायची, मग तीही यायची बंद झाली. चंद्राबाई फॉल लावलेल्या साड्या दुकानात देऊन अक्कांकडे आली तेव्हा म्हणाली, "तिकडं वाईट वाटतं बघा, अक्का. पाणी रिकाम्या गल्लीत पडतंय, आणि त्ये बिचारे खिडकीत डोळे मिटून पडलेत. परीक्षक यायचाय म्हणून. त्यांना कुणी सांगायचं?"

"सांगू नकोस," अक्का म्हणाल्या.

त्यानंतर मला एक गोष्ट दिसू लागली. माझी बँक शिवाजीनगरला होती. दर थोड्या दिवसांनी गोदूअक्का मला दुपारच्या उन्हात बसमधून उतरताना दिसायच्या. गुडघे चांगलेच गेले होते, त्या आधी एक पाय, मग कठडा धरून दुसरा पाय, असं उतरायच्या. पिशवीत एक लहान पितळी कळशी. एकदा मी त्यांच्या मागोमाग गेलो. त्या मागच्या गल्लीत गेल्या, पाइपाखाली कळशी धरली, भरली आणि अनोळखी बाईसारखा चेहरा करून खिडकीकडे एकदा बघितलं. आत विठोजीराव डोळे घट्ट मिटून, अगदी श्वाससुद्धा जपून घेत पडले होते. मिश्या थरथरत होत्या.

परत येताना मी कळशी माझ्याकडे घेतली आणि बसस्टँडपर्यंत त्यांच्याबरोबर चाललो.

"अक्का," मी म्हणालो, "यात तुम्हाला काय मिळतं, ते मला दिसत नाही. बसचे धक्के, ऊन, गुडघे. त्या म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून येता तुम्ही. दुसरं काय?"

त्या रागावल्या. इतकी वर्षं ओळख असून त्यांना रागावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"भलतं काही बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, म्हणून नेते. माझ्या घरच्या नळाच्या पाण्यात शिजत नाही."

बस आली. मी कळशी वर चढवून दिली आणि त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली.

विहिरीच्या जड पाण्यात डाळ मुळीच शिजत नाही, हे चिकपेटेतली कुठलीही बाई सांगू शकली असती. मी कुणाला विचारायला गेलो नाही.